ब्यूकच्या डिकीवरचा शेवटचा हात

कवळीकाकांना खरं नाव होतं, पण ते विजेच्या बिलाखेरीज कुणी वापरत नसे. दातांच्या डॉक्टरांकडून माणसांच्या जबड्यांचे ठसे यायचे आणि काका त्यांवरून कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवून परत धाडायचे. रस्त्यात समोरून कुणी हसत आलं, की त्यांना माणूस नंतर ओळखू यायचा, दात आधी. "हे माझे!" असं मनाशी म्हणायचे आणि मग स्वतः हसायचे. समोरच्याला वाटायचं, काय प्रेमळ माणूस आहे! प्रेमळ होतेच, पण नजर दातांवर असायची.

हे झालं पोटासाठी. जीव अडकला होता तो गाड्यांत. खऱ्या नव्हे, तळहातावर जेमतेम मावणाऱ्या. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटीला लटकलेले सुटे भाग येतात. ते एकेक कापून काढायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे आणि त्यातून हुबेहूब गाडी उभी करायची. तीही जुनी अमेरिकनच हवी. लांबच लांब, मागे शेपट्या काढलेली, अंगभर चकचकीत पट्ट्या मिरवणारी. हल्लीच्या गाड्या काकांच्या लेखी साबणाच्या वापरलेल्या वड्या होत्या. या छंदाला त्यांच्या प्रयोगशाळेतली हत्यारं आयतीच उपयोगी पडत. दाढेची खाच कोरायची सुई दाराची फट कोरायला, आणि कवळीला चकाकी आणायचा ब्रश बंपरला. कधीमधी हिशेब उलटाही व्हायचा. एका आजोबांच्या कवळीच्या हिरड्या जरा जास्तच झळकतात अशी तक्रार आली होती. काकांनी चुकून त्यांवर गाडीला चकाकी आणायचं लॅकर मारलं होतं. कवळी बदलून दिली, आजोबा मात्र नंतर म्हणाले की पहिलीच बरी होती.

आणि मग काकांच्या आयुष्यात ब्यूक आली. एकोणीसशे पन्नास सालची, उघड्या टपाची. खोक्यावरच्या चित्रात तिचं तोंड पाहिल्यावर काका खुर्चीवरून उठून उभेच राहिले. त्या गाडीला चक्क दात होते! पुढच्या जाळीचे जाडजूड उभे दांडे बंपरवरून खाली लोंबत होते. अशी दंताळी, आनंदी, बेफिकीर गाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. खोक्यातले प्लॅस्टिकचे दात त्यांनी तत्काळ कचऱ्यात टाकले आणि नवे बनवले. मेणात कोरून, साचा करून, दातांच्या टोप्यांच्याच धातूत ओतून. "माझी सगळ्यात गुणी पेशंट," असं ते ताईंना म्हणाले. "तोंड उघडं ठेवते आणि बोलत नाही."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. जन्मभर मुख्याध्यापिका होत्या आणि आता भावाच्या घरात राहून तेच काम पुढे चालवत होत्या. "बोलत नाही त्यांच्याशीच तुझं जमतं," त्या म्हणाल्या. "बोलणाऱ्यांपुढे तुझी दातखीळ बसते."

हा टोला समोरच्या दुकानाच्या दिशेने होता. तिथे टेलरबाई बसत.

झालं असं, की ब्यूकच्या आसनांना खरं कातडं हवं म्हणून काका एकदा जुना हातमोजा घेऊन टेलरबाईंकडे गेले होते. काड्यापेटीएवढं आसन त्यांनी काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, याला कव्हर शिवून द्या. बाईंनी आसनाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

"यावर बसणार कोण? मुंगी?"

"ट्रायल घ्यायला आणू का तिला?" काका म्हणाले, आणि आपण विनोद केला हे लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाले. बाई हसून हसून मशीनवर आडव्या झाल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. इतकं हसण्यासारखं त्या दुकानात कित्येक दिवसांत काही आलं नव्हतं.

बाईंनी कव्हर शिवलं, आणि काय शिवलं! पुढचं आसन सोफ्यासारखं सलग, त्याला लाल गोट, टाके असे की भिंगाखाली धरावे. फक्त एक खोट होती. गादीवर दोन ठिकाणी हलकेसे खळगे पडले होते, शेजारीशेजारी. भरण कमी पडलं असावं. केसाएवढी रेघ वाकडी गेली तर अख्खा दरवाजा खरवडून पुन्हा रंगवणारे काका ते खळगे बघत बराच वेळ बसले. आणि गप्प राहिले. बाईंना वाईट वाटेल! आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादी खोट तशीच राहू दिली.

त्यानंतर काकांच्या शर्टांची बटणं तुटू लागली. आज कॉलरचं, परवा बाहीचं. दर वेळी काका लगबगीने समोर जायचे आणि तासभर बसून यायचे. "या घरातल्या शर्टांना रोग झालाय," ताई म्हणाल्या, "आणि तो नेमका दुकान उघडं असतानाच उसळतो."

सगळं असं मजेत चाललेलं असताना एके दिवशी बाई बटण लावता लावता म्हणाल्या, "लेक बोलावतेय. म्हणते, कायमची ये, खोली तयार ठेवलीय. या रविवारनंतर निघावं म्हणतेय." दात लावून दोरा तोडला आणि काकांकडे बघत विचारलं, "जाऊ ना हो मी?"

जाऊ नका, एवढे दोनच शब्द काकांना म्हणायचे होते. ते म्हणाले, "रस्ता आता चांगला झालाय म्हणतात."

घरी येऊन त्यांनी हे ताईंना सांगितलं तेव्हा ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "रस्ता? अरे रस्त्याच्या बाबा, ती तुला अडवायला सांगत होती!"

मग मात्र काकांनी कंबर कसली. तोंडाने जमणार नव्हतं, तेव्हा जे हातांना जमतं ते करायचं. अंगठी करायची! सोनाराकडची नव्हे, स्वतः ओतलेली, ब्यूकच्या दातांच्याच धातूची. मापासाठी त्यांनी जिवावर उदार होऊन चोरी केली. बाई आत गेल्या असताना त्यांचं अंगुस्तान, शिवताना बोटावर चढवायची ती धातूची टोपी, अलगद खिशात टाकलं. बोट ते बोट, अशी त्यांची समजूत. समोर बाई दुकान डोक्यावर घेऊन अंगुस्तान शोधत होत्या, आणि इकडे काका गुन्हेगारासारखे पडदा लावून त्याच्या कडेवर मेण बसवत होते.

अंगठी झाली, आरशासारखी. ती ठेवायची ब्यूकच्या डिकीत. या गाडीची डिकी मुळात बंद येते, नुसता आकार असतो. काकांनी ती पात्याच्या पाठीने रेघ ओढत ओढत कापून मोकळी केली होती आणि आतून तारेच्या बिजागऱ्या बसवल्या होत्या. बेत असा, की गाडी बाईंच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "डिकी उघडा." बस. पुढचं अंगठी बोलेल.

शनिवारी काकांनी अंगठी कापसात गुंडाळून डिकीत ठेवली, झाकण लावलं आणि गाडी उजेडात धरली. झाकणावर बोटाचा ठसा! एवढासा, अंगठ्याच्या पेराचा. दुसरा कुणी असता तर कापडाने पुसून मोकळा झाला असता. काकांनीही पुसला. पण पुसल्यावर तेवढा भाग बाकीच्या अंगापेक्षा जरा मंद दिसायला लागला. बाईंना मंद गाडी द्यायची? छे! काकांनी फवारा काढला आणि पूर्ण मागच्या भागावर लॅकरचा शेवटचा हात मारला. काय झळाळी आली! काका स्वतःवर खूश होऊन शीळ घालत झोपले.

रविवारी दुपारी ते निघाले. केकच्या खोक्यात ब्यूक, अंगात इस्त्रीचा शर्ट, सगळी बटणं जागच्या जागी. "सरळ बोल," ताईंनी बजावलं, "दातांचा विषय काढू नकोस." काकांनी मान डोलावली. ताई म्हणाल्या की त्या काही खिडकीत उभ्या राहणार नाहीत, आणि लगेच खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या.

दुकानात निम्मं सामान बांधून झालं होतं. कापडांचे गठ्ठे दोरीने आवळलेले, मशीनवर चादर. ते बघून काकांनी घाईने खोकं उघडलं. बाईंनी गाडी दोन्ही हातांत घेतली आणि "अगंबाई!" एवढंच म्हणाल्या. निळं-पांढरं अंग, लाल गोटाचं आसन, समोर दंताळं हसू.

"डिकी उघडा," काका म्हणाले.

बाईंनी नखाने झाकण उचलायचा प्रयत्न केला. झाकण ढिम्म हलेना. दुसरं नख लावलं. छट्!

"जरा ओढा."

"ओढतेय हो. ही उघडणारी आहे ना नक्की?"

आणि त्या क्षणी काकांना उमगलं. शेवटचा हात! बंद डिकीवर मारलेलं लॅकर फटीत उतरलं होतं आणि रात्रीत वाळून दगड झालं होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने, अतिशय सफाईदारपणे, आपली अंगठी आत चिणली होती. गाडी घेऊन त्यांनी हलवली. आतून दबका ठपठप आवाज आला.

"आत काहीतरी सुटलंय वाटतं," बाई म्हणाल्या. "असू दे. दुरुस्त करून पाठवा लेकीकडे."

पाठवा! काका बोलायला गेले आणि बोबडी वळली. "सुटलं नाही, ते... आत आहे ते... ते आतच असायला हवं, पण आत नको."

दार धाडकन उघडलं. ताई. रस्ता ओलांडून धापा टाकत आलेल्या.

"काय म्हणाली?"

"अजून उघडली नाही," काका रडवेल्या आवाजात म्हणाले.

"काय, तोंड की डिकी?"

"दोन्ही!"

बाई एकदा या भावाकडे, एकदा त्या बहिणीकडे बघत राहिल्या. हळूहळू त्यांच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. काकांनी खिशातून पातं काढलं. घाईत पातं डिकीऐवजी काउंटरला लागलं. "फुटली तर फुटू दे," ते म्हणाले, आणि हे म्हणणारे आपणच, याचं त्यांना स्वतःला आश्चर्य वाटलं.

"थांबा!" बाईंनी त्यांचं मनगट धरलं. "फोडता कशाला? ही शिवणच आहे ना? शिवण फाडत नाहीत, उसवतात."

त्यांनी बांधलेला डबा सोडला, टाके उसवायचं बारीक टोकदार हत्यार काढलं आणि चष्मा नाकावर ओढून कामाला लागल्या. फटीत टोक घालायचं, किंचित उचलायचं, पुढे सरकायचं. लॅकरचा कुरकुर आवाज येत होता. ताईंनी श्वास रोखला होता. काका डोळे मिटून उभे होते. एका कोपऱ्यात टवका उडाला, टिच्! आणि डिकी उघडली.

कापूस निघाला. कापसातून अंगठी निघाली. बाईंनी ती उजेडात धरली.

"दातांच्या धातूची आहे," काका घाईघाईने म्हणाले. "गंजत नाही. गरम चहानेही काही होत नाही. जन्मभर टिकते, मी लेखी हमी देतो..."

"दातांचा विषय!" ताई दात-ओठ खात पुटपुटल्या.

काका थांबले. "जाऊ नका," ते म्हणाले. "रस्ता मुळीच चांगला नाही."

बाईंनी अंगठी बोटात घातली. पहिल्याच पेरावर अडकली. मधल्या बोटात घालून पाहिली. तिथेही फक्त शेंड्यावर बसली, ऐटीत, टोपीसारखी.

"माप कशाचं घेतलंत?"

काकांनी मान खाली घालून खिशातून अंगुस्तान काढलं आणि काउंटरवर ठेवलं. बाई आधी अंगुस्तानाकडे बघत राहिल्या, मग जे हसू फुटलं ते आवरेना. त्या मशीनला धरून हसल्या, ताई कापडाच्या गठ्ठ्यावर बसून हसल्या, आणि काय झालंय ते नीट न कळताही काका हसू लागले. "आणि मी बिचाऱ्या उंदरांना शिव्या देत होते!" बाई डोळे पुसत म्हणाल्या.

"द्या इकडे," काका म्हणाले. "मोठी करून आणतो. परवापर्यंत. फार तर आठवडा. आणि तो डिकीचा टवकाही..."

"अजिबात नाही." बाईंनी मूठ मिटली. "तुम्ही परत शेवटचा हात मारत बसाल आणि मी इथे म्हातारी होईन." त्यांनी अंगठी करंगळीत सरकवली. तिथे ती बरोबर बसली. मग गाडी काकांसमोर धरली. "आता मला सांगा, वर्षभर या आसनाकडे बघताय. काही दिसलं नाही?"

काका चाचरले. "दोन खळगे आहेत. भरण जरा... पण मी काही बोललो नाही. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"भरण?" बाईंनी अंगुस्तान उचललं आणि त्याचा गोल माथा एका खळग्यावर टेकवला. तंतोतंत बसला. "याने मुद्दाम दाबून पाडलेत ते. कुणीतरी दोघं बसून उठल्यावर गादीवर पडतात ना, तसे. वाट बघत होते, हे दोघं कोण म्हणून तुम्ही विचाराल कधीतरी."

काकांना हे कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तोंडभर हसू पसरलं. ताई पुढे बरेच दिवस सांगत, की त्या घटकेला काउंटरवरच्या ब्यूकचं आणि भावाचं तोंड अगदी सारखं दिसत होतं.

लेकीला फोन ताईंनीच लावला. मुख्याध्यापिकेच्या आवाजात त्यांनी खोली रिकामी करायला सांगितली. बांधलेले गठ्ठे काकांनी स्वतः सोडले.

ब्यूक आता टेलरबाईंच्या दुकानात मशीनशेजारी असते. डिकीच्या कोपऱ्यातला टवका अजून तसाच आहे. काकांना तो रोज दिसतो, हात शिवशिवतो, आणि मग ते खिशात हात घालून आसनाकडे बघतात.