फितीच्या तळाशी

पुण्याहून निघालो तेव्हा कपड्यांची पिशवी हलकी होती आणि स्पूलवर टेप वाजवणाऱ्या जुन्या यंत्राची पेटी मणभर. अमेरिकेतल्या डोंगराळ खेड्यांची लोकगीतं जमवायची, बँजोवर बसवायची आणि पुणेकरांच्या गळी उतरवायची, हा माझा उद्योग. घरचे त्याला खूळ म्हणतात. पण चेन्नईजवळ तांबरममध्ये कुणीच न ऐकलेल्या अशा एका गाण्याची फीत आहे असं कळलं आणि मला राहवेना.

सेंट्रलला उतरून तांबरमच्या लोकलसाठी समोरच्या पार्क स्टेशनात शिरलो, तर पेटी पाहून पोलिसाने अडवलं.

"एन्न इदु?" (हे काय?)

"पाट्टु," (गाणं) मी म्हणालो. माझं तमिळ तिथेच संपतं. त्याने वाकून पेटीला कान लावला, बराच वेळ लावून ठेवला आणि मला जाऊ दिलं. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

तांबरमला रमामामींनी दार उघडलं. त्या तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांचे यजमान तरुणपणी अमेरिकेत शिकायला गेले आणि तिथली गाणी टिपत खेडोपाडी हिंडले. मी गातो त्यातली निम्मी गाणी त्यांच्याच फितींवरून आलेली. ते आता हयात नाहीत.

"आधीं जेव. पेटी कुठं पळून जाते रे?" मामी म्हणाल्या. भात, अंबट भाजी (डाळ घातलेला पालक) आणि डांगर पच्चडी (उडदाच्या पिठाची कोशिंबीर). मी ताव मारला. मामींनी घासही घेतला नाही.

"लावायच्या आधीं ऐक. ह्या फितीवर पहिलं आमच्या जानकीचा आवाज होता. चार वर्षांची पापा (लहान मुलगी). ह्यांनी फीत संगतीं नेली. तिथं कोरी फीत संपली, तर हिच्यावरच गाणं भरलं. त्याच महिन्यांत ती इथं तापानं गेली. ह्यांनी कधीं ही लावली नाही, मी कुणाला लावूं दिली नाही. आतां मला कळायला हवं. ती उरली आहे, की पुसली?"

नवं भरलं की जुनं पुसलं जातं, पण कधीकधी तळाशी थोडं राहतं, असं मी बोलून गेलो आणि लगेच पस्तावलो. म्हातारीला उगाच आशा लावली.

मी पंखा बंद केला, खोलीचं दार लावलं. हवाई तळावरून एक विमान डोक्यावरून गेलं. त्याची घरघर विरेपर्यंत मी थांबलो.

"वाट कां बघूलास? (बघतोस?) लाव."

एका बाईचा घोगरा आवाज, साथीला काही नाही. नदीपलीकडे गेलेल्या माणसाला घरी बोलावणारं गाणं. पहिलं कडवं संपलं आणि त्या मोकळ्या जागेत, बंद दाराआडून यावं तसं काहीतरी आलं.

"अप्पा, आंत येऊं?"

मामींनी तोंडावर पदर धरला. "मिशीन लावतांना जानकीचे अप्पा दार लावून घ्यायचे. ती बाहेरून विचारायची." दुसऱ्या कडव्यानंतर पुन्हा तेच. तिसऱ्यानंतरही.

गाणं संपलं. आम्हा गाणी जमवणाऱ्यांची खोड अशी की गाणं संपलं की यंत्र बंद. माझा हात बटणाकडे गेला, तो मामींनी घट्ट धरला.

"हे लगेच बंद करत नव्हते. गाणाराचं बोलणं होईतों चालूं ठेवायचे."

खुर्ची करकरली. ती गाणारी बाई तिच्या इंग्रजीत म्हणाली, "दाराशी केव्हाची एक पोर उभी आहे. बाहेर थंडी आहे, तिला आत घे."

बराच वेळ नुसती खरखर. मग एका तरुणाचा आवाज. "बाहेर कुणी नाही, बाई."

"आहे," ती म्हणाली. फीत सुटून फटफटत राहिली.

गाणं भरलं जात असताना फितीवरचं जुनं कुणालाच ऐकू येत नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच ती फटफटणारी फीत थांबवायला माझा हात पुढे होईना. मामी मात्र घाबरल्या नव्हत्या.

"इथून गेली ती अप्पांकडेच गेली," त्या म्हणाल्या. "ह्यांनी दार उघडायचं होतं रे."

त्या उठल्या आणि मी लावलेलं दार त्यांनी सताड उघडलं. संध्याकाळी मी निघालो तेव्हाही ते उघडंच होतं.

ते गाणं मी आता पुण्यात गातो. लोक पुन्हा गायला लावतात. संयोजक दारं लावू लागले की मी सांगतो, एक राहू द्या. का ते विचारतात, मी हसून टाळतो. कडवं संपलं की बँजो थांबवतो. त्या वेळी दाराकडे पाहायचं धाडस मला अजून झालेलं नाही.