पॉवर ब्रेक आणि नागपूरचं स्थळ

आमच्या गाडीला ब्रेक होते, हे आधीच स्पष्ट करते. त्यांना फक्त थोडं अगोदर कळवावं लागे.

घराच्या फाटकाशी थांबायचं असेल, तर तुमचे आबा मारुतीच्या देवळापासूनच पेडल दाबायला लागत. शेवटी शेवटी ते सीटवरून उठून दोन्ही पायांनी पेडलवर उभेच राहत. (त्यामुळे मागे बसलेल्यांना पुढचा रस्ता दिसत नसे. ही देवाची कृपा.) गाडी माझ्या सासऱ्यांची, आमच्या लग्नाच्याही आधीची. तिला नावं ठेवायची सोय नव्हती.

पण त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात तुमच्या आईला नागपूरचं स्थळ सांगून आलं. मुलगा तिला पसंत होता. तसं ती बोलली नाही, पण त्याचा फोटो माझ्याकडून तीनदा मागून नेला. आता मुलाचे वडील, म्हणजे तुमचे नागपूरचे आजोबा, एकटेच आमचं घरदार बघायला येणार होते, आणि तुमसर रोड स्टेशनवरून त्यांना याच गाडीनं गावी आणायचं होतं. त्या ब्रेकांच्या भरवशावर पोरीचं लग्न सोडायला मी तयार नव्हते. एका इंग्रजी मासिकात मी पॉवर ब्रेकबद्दल वाचलं होतं. मी गाडी भंडाऱ्याला धाडली.

तिथल्या गफूर मिस्त्रींनी मोडीत निघालेल्या एका गाडीच्या पॉवर ब्रेकचा गोल डबा आणून आमच्या ब्रेकला जोडून दिला. गाडी न्यायला आम्ही दोघं गेलो, तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, हा डबा इंजिनाच्या ओढीवर चालते. इंजिन चालू आहे तोवर पाय नुसता टेकवायचा. बंद केलं तर एक-दोन दाब साथ देईल, मंग पेडल म्हणजे दगड.”

आबा विसरतात, म्हणून हे सगळं मी त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. तिसऱ्यांदा मी स्वतः म्हणून दाखवलं.

पाहुणे उतरले. पांढरं धोतर, काळी टोपी, मितभाषी. आबांच्या शेजारी बसले, मी मागे. स्टेशनबाहेर एक बकरी आडवी आली आणि आबांनी वीस वर्षांच्या सवयीनं दोन्ही पाय पेडलवर घातले. गाडी जागच्या जागी थांबली. पाहुण्यांची टोपी मात्र पुढे जाऊन काचेवर आपटली. त्यांनी ती उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, “ब्रेक चांगले आहेत.” त्यानंतर त्यांनी दोन्ही हातांनी सीट धरली ती सोडलीच नाही.

झालेलं नुकसान भरून काढायला मी मुलीचे गुण सांगू लागले. पण त्या इंजिनाच्या घरघरीत काही ऐकू जाईना. बी.एस्सी. झाली, हे मी चार वेळा ओरडून सांगितलं, पाहुणे चारही वेळा नम्रपणे “हो का?” म्हणाले. तेवढ्यात गाडी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढली. पुढे थेट गावापर्यंत उतार.

“अहो, इंजिन बंद करा,” मी म्हटलं. “उतारच आहे. बोलता तरी येईल.”

“पण मिस्त्री म्हणत होते...”

“मिस्त्रींचं मग बघू. बंद करा.”

त्यांनी बंद केलं. काय ती शांतता! मी बी.एस्सी. पाचव्यांदा सांगितलं, भरतकामावर आले. पहिल्या वळणावर आबांनी ब्रेक दाबला, लागला. बैलगाडी आली, तेव्हाही लागला. भरतकाम संपवून मी स्वयंपाकाला हात घातला, आणि आबांचा आवाज आला. “लागून नाही राहिला.”

“दाबा ना!”

“दाबूनच राहिलो.”

“मग इंजिन चालू करा!”

“तूच तं बंद करायले लावलं!”

(हातब्रेक होता. त्याला सासूबाई पिशवी अडकवत, तेवढाच त्याचा उपयोग.)

उताराच्या पायथ्याशी गावातल्या सुखदेवचं खळं होतं. आबांनी चाक फिरवलं आणि गाडी त्याच्या तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात शिरली, थेट पुढच्या दारापर्यंत. कुणाला साधं खरचटलंही नाही. मी सगळ्यांचे हातपाय मोजून घेतले, पाहुण्यांचे सुद्धा.

सुखदेव काठी टेकत आला, त्यानं खिडकीतून वाकून शाळेच्या गुरुजींकडे, म्हणजे आबांकडे, बघितलं. “काय जी गुरुजी, घरी जागा नाही का? इथं कायले गाडी ठेवून राहिले?”

पाहुण्यांनी कानातली काडी काढली. आता स्थळ गेलं, हे मला दिसतच होतं. पोरीला काय तोंड दाखवू, या विचारानं माझे डोळे भरून आले. पाहुण्यांनी मांडीवरचं तणस झटकलं. मग वळून मला नाही, आबांना विचारलं, “मुलीचा स्वभाव कोणावर गेलाय?”

मी तोंड उघडलं. पण आबा जन्मात पहिल्यांदा माझ्या आधी बोलले.

“माझ्यावर.”

“मग पुढचं बोलायला हरकत नाही,” पाहुणे म्हणाले, आणि धोतर सावरत खाली उतरले.

त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत कुणालाच एकही सूचना केली नाही. जीव इतका हलका झाला होता की सुचलीच नाही. तुमची आई नखशिखांत माझ्यावर गेली आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या नागपूरच्या आजोबांना ते लग्नानंतर आठच दिवसांत कळलं. पण तोवर त्यांनाही थांबता येण्यासारखं नव्हतं.