पाटील वगैरे

आमच्या गावात पेपर यायचा तो पाटलाच्या नावानं. आठवड्याचा पेपर. अकोल्याला छापला जायचा, मोटारीनं मेडशीच्या डाकघरात उतरायचा आणि तिथून डाकवाल्याच्या थैलीत बसून आमच्या चावडीवर. वर्गणी पाटलाची, कंदिलातलं घासलेट पाटलाचं, बसायची सतरंजीही पाटलाचीच. फक्त वाचता पाटलाला येत नव्हतं. सही तेवढी यायची, तीही जीभ बाहेर काढून. त्यामुळे वाचायचं दुसऱ्या कुणी आणि तक्क्याला टेकून हुंकार भरायचा पाटलानं, अशी वहिवाट होती.

पुढं बरीच वर्षं तो दुसरा कुणी म्हणजे मी. त्या वर्षांत मी त्या माणसाला जो त्रास दिला त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. कुणी तो ऐकायच्या आशेनं बसलं असेल तर त्यानं खुशाल उठावं.

आधी माझ्या वडिलांचं सांगतो. ते मापारी होते. खळ्यावर ज्वारीची रास पडली की मोजायला त्यांना बोलावत. पायली भरायची, वरून हात फिरवून ती सपाट करायची, पोत्यात ओतायची आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा. पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. एका बाजूला जमिनीचा धनी, दुसऱ्या बाजूला ते वाट्यानं कसणारा बटईदार, आणि दोघांचा जीव मधल्या माणसाच्या हातात. बाबांचा हात असा होता, की डोकी फुटायच्या बेतात आलेले भाऊ त्यांची पायली पाहून गप बसत. आमचं शेत बेताचंच. पण पौष लागला की लोक "मापारीबुवा, उद्या आमच्याकडं" म्हणत बाबांच्या मागं यायचे आणि बाबा तेवढे दोन महिने जरा छाती काढून चालायचे. त्यांची सगळी चैन तीच.

एका साली पाटलाच्या खळ्यावर माप होतं. बटईदाराच्या वाट्याची पायली जरा हलक्या हातानं भर, असं पाटलानं डोळ्यानं सुचवलं. बाबांनी डोळ्याची भाषा येत नसल्यासारखं केलं आणि दोघांना सारखं माप टाकलं. पाटील काही बोलला नाही. जो बोलतो त्याचं काही वाटत नाही, हा गप राह्यला.

कापसाची वेचणी सुरू झाली आणि एक दिवस आमच्या गुरांच्या कोठ्यात पाटलाच्या कापसाचं गाठोडं सापडलं. सापडवणाराही पाटील, रपोट लिहवून घेणाराही पाटील, आणि पंच म्हणून उभे केलेले दोघं पाटलाचेच सालदार. बाबांना वाशीमला नेऊन कोठडीत टाकलं. पुढं मॅजिस्ट्रेटनं पंचांना एकच विचारलं, कोठ्याचं दार कोणत्या अंगाला आहे? एक म्हणाला उगवतीला, दुसरा म्हणाला मावळतीला. आमच्या कोठ्याला दारच नव्हतं, नुसतं तुराट्यांचं ताटवं होतं, तेही पडलेलं. साहेबांनी बाबांना सोडलं.

पण सुटायच्या आधी पेपर आला होता. 'मेडशी भागात कापसाची चोरी', आणि खाली बाबांचं नाव, बापाच्या नावासकट, गावासकट. तेव्हा पेपर शाळेचे मास्तर वाचत. मी तिथंच बसलो होतो, चांगला मिसरूड फुटलेला, हातपाय धड असलेला, आणि तरी काही करू शकलो नाही. मास्तरांनी एकदा वाचलं. पाटील म्हणाला, "पुन्हा वाचा मास्तर. मांगच्याइले ऐकू आलं नाई." मास्तरांनी पुन्हा वाचलं. मागचे माना हलवत होते. त्यांना पहिल्या वाचनातच नीट ऐकू आलं होतं.

बाबा सुटून आले, आणि त्यानंतर दर आठवड्याला चावडीच्या पायरीशी उभे राहू लागले. सुटका छापून येईल म्हणून. एक दिवस त्यांनी मास्तरांना विचारलंच. मास्तर भला माणूस. ते म्हणाले, "अहो, अटक ही बातमी असते. सुटका ही बातमी नसते." इतक्या वर्षांत पेपरांबद्दल याहून शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही.

आमच्या गावाचा छापील कागदावर भारी विश्वास. पोथी छापील, पंचांग छापील, मग पेपर खोटा कसा असेल? एक म्हातारी तर वाचन संपल्यावर पेपराच्या पाया पडून घरी जायची, मग त्यात कुणाचा खून असो की सरकीचा भाव. बाबा सुटले हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण लोक म्हणत, "सुटला असंल बाप्पा, पण छापून आलं ना!" त्या पौषात बाबांच्या मागं कुणी आलं नाही. पुढच्याही नाही. पायली खुंटीला टांगलेली होती. बाबा ती अधूनमधून काढून पुसत आणि परत टांगत. आई ते बघायची आणि चुलीकडं तोंड करून पाटलाला जे म्हणायची ते इथं लिहिता येत नाही.

मग मास्तरांची बदली झाली. नव्या मास्तरांचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढं जाईना. मी आधीच वाशीमहून सातवी पास होऊन आलो होतो आणि आवाज खणखणीत होता. पाटलानं स्वतः मला बोलावलं. "जुनं काय धरून बसतं लेका," तो म्हणाला, "उद्यापासून पेपर तू वाच." जणू मला वतन देत होता. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "वाच. पण जसं असंल तसं वाच." बाबा माणूस म्हणून चांगले होते. मी आईवर गेलो आहे.

वाचायला लागलो आणि कळलं, की गावाला लढाई नको, लिलाव नको, लाटसाहेबाचं भाषण तर नकोच नको. गावाला गुन्हे पाहिजेत. मी गुन्हे आवाज काढून वाचायचो. कारंजाकडं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चुलत्यानं पुतण्याला कुऱ्हाड घातली, की चुलता वेगळ्या आवाजात, पुतण्या वेगळ्या. दागिने दुप्पट करून देणारा बैरागी पकडला, तर बैराग्याचं हिंदीसुद्धा जमवायचो. गंमत अशी, की ज्यांनी स्वतःचा धुरा दरसाल नांगराच्या फाळानं शेजाऱ्याकडं सरकवला होता, तेच "काय दिवस आले बाप्पा" म्हणून सगळ्यात मोठा सुस्कारा सोडत. गुन्ह्यांच्या बातम्या लोक का ऐकतात हे मला तेव्हाच कळलं. आपलं नाव नाही याची खात्री करून घ्यायला.

आणि राजकारणाच्या का ऐकतात? त्याच्या बरोबर उलट कारणासाठी. ते मला पाटलानं शिकवलं.

तालुक्याच्या बोर्डाची निवडणूक आली आणि पाटील उभा राहिला. मत कुणाला होतं? ज्याचा शेतसारा मोठा त्याला. आमच्या बाजूला असे लोक एका पंगतीत मावत, आणि पाटलानं त्यांना खरोखरच एका पंगतीत बसवलं. बोकड पडले. लोकांनी रस्सा ओरपत विचार केला आणि पाटील निवडून आला.

त्या आठवड्याला चावडी भरली. पाटलानं फेटा नवा बांधला होता. पटवाऱ्याकडून त्यानं बातमी घरी आधीच वाचून घेतली होती, हे मला माहीत होतं. पण घरी ऐकलेलं नाव म्हणजे घरी घातलेला फेटा, त्याचा काय उपयोग? त्याला ते चावडीवर पाहिजे होतं, माझ्या आवाजात, मागच्यांना ऐकू जाईल असं. मी खुनापासून सुरुवात केली. मग कापसाचा भाव. मग निवडून आलेल्यांची नावं घेतली, एकेक नाव गावासकट, चावून चावून. पाटील तक्क्यावरून पुढं सरकला. त्याचं नाव आलं आणि मी म्हणालो, "वगैरे."

कुणीतरी खोकलं. पाटील म्हणाला, "संपलं?"

"संपलं, पाटील."

"नीट पाह्य. घडीत राह्यलं असंल."

मी घडी उलगडून कागद कंदिलासमोर धरला, सगळ्यांना दिसेल असा. "कुठी काई नाई," मी म्हणालो आणि पुढच्या पानावरची औषधाची जाहिरात वाचायला घेतली.

तो काय करणार होता? माझं नाव का गाळलं म्हणून चावडीवर विचारावं, तर आपल्याच नावाची भीक मागितल्यासारखं. दुसऱ्याला वाचायला बसवावं, तर तेही त्यानं करून पाहिलं. पटवाऱ्याला बसवलं. पटवारी खुनाची बातमी सातबाऱ्यासारखी वाचायचा, नाकातून. कुऱ्हाड पडायच्या आत अर्धी चावडी बैलांना पाणी दाखवायला निघून गेली. पुढच्या आठवड्याला पुन्हा मीच.

त्या पहिल्या वगैरेच्या दुसऱ्याच दिवशी पटवाऱ्याच्या तोंडून गावाला सगळं कळलंच होतं. मला वाटलं, आता कुणीतरी मला चार शब्द सुनावेल. छे. ज्यांनी बाबांना खळ्यावरून उठवलं होतं तेच लोक लवकर येऊन पुढं बसायला लागले. पाटलानं विहीर बांधली, छापून आलं. शाळेला पडवी दिली, छापून आलं. पुरासाठी ज्वारी पाठवली, तेही आलं. दरवेळी मी सगळं वाचायचो, विहिरीची खोलीसुद्धा, आणि नावाशी आलो की वगैरे. तो माणूस माझ्यापायी चांगली कामं करत सुटला होता. त्या विहिरीचं पाणी गाव अजून पितं आणि त्याचं श्रेय खरं तर मला आहे.

मग पोळा आला. आमच्याकडं पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणतात. कुणावरही जोडलेलं टोमण्याचं गाणं, आणि त्या दिवशी रागवायचं नाही असा कायदा. त्या वर्षी मागून कुणीतरी आवाज दिला:

बैल आले रांगेनं, ढवळ्या, पवळ्या, वगैरे,
मान कोनाचा तोरनाचा? पाटील आले वगैरे!

पुढं हर हर महादेव झालं, पण ते हसण्यात बुडालं. बैलसुद्धा बिचकले. पाटील कायद्याप्रमाणे हसला. त्याचं ते हसू मी अजून सांभाळून ठेवलं आहे. दुखणंबिखणं आलं की आठवतो.

दोन दिवसांनी पाटील आमच्या घरी आला. आयुष्यात पहिल्यांदा. आईनं पाणी दिलं नाही. तो ओट्यावर बसला आणि मला म्हणाला, "तुले काय पाह्यजे ते सांग."

मी म्हणालो, "माह्या बापाले तुमच्या खयावर मापाले बोलवा. निरोप पाठवून नाई. तुमी सोता, चावडीवर, सगळ्याइच्या समोर."

त्यानं आमच्या कोठ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "मंग वाचशीन?"

"वाचीन."

पौषात, भरल्या चावडीवर, पाटील उठून उभा राहिला आणि पायरीशी उभ्या बाबांना हात जोडून म्हणाला, "मापारीबुवा, उद्या आमच्या खयावर या." बाबांनी नुसती मान हलवली. घरी आल्यावर त्यांनी पायली काढली, पुसली, आणि या वेळी परत टांगली नाही. दुसऱ्या दिवशी गाव कामधंदा टाकून पाटलाच्या खळ्याभोवती जमलं. बाबांचा हात पायलीवरून फिरला आणि आवाज आला, "लाभ." इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकला आणि मी कडब्याच्या गंजीमागं जाऊन रडलो. नंतर बाबांना एकही दिवस मोकळा राह्यला नाही. ज्याच्या त्याच्या खळ्यावर तेच.

आता माझी पाळी होती. पेपर आला, पाटलाचं नाव होतं. मी वाचलं, "वगैरे."

वाचीन असं मी म्हणालो होतो. कधी, ते म्हणालो नव्हतो. पाटलाची मान ताठ झाली, पण तो काय बोलणार? आपलं नाव वाचून घेण्यासाठी आपण मापाऱ्याला हात जोडले, हे चावडीवर सांगायचं? आणि बाबांना खळ्यावरून उठवणं आता त्याच्या हातात राह्यलं नव्हतं. बाबा मात्र माझ्यावर चिडले. "शब्द देल्ला ना? मंग पुरा टाक. आपल्या घरात कमी माप टाकत नाईत."

"टाकीन, बाबा," मी म्हणायचो. "पुरं टाकीन."

असा तो बसायचा, आठवड्यामागून आठवडा, माझ्या ओठांकडं बघत. दुसरं महायुद्ध सुरू झालं. तो बोर्डाचा अध्यक्ष झाला. गावं बदलली, टोप्या बदलल्या, त्यानंही फेटा काढून पांढरी टोपी घातली. टोपीच्या बातमीतसुद्धा तो वगैरेच राह्यला.

एका चैत्रात त्याला ताप आला आणि त्यात तो गेला. पुढच्या पेपरात त्याची बातमी काळ्या चौकटीत होती. चावडी गच्च भरली होती. तक्क्या रिकामा होता. मी उभा राह्यलो आणि वाचलं. त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आडनाव, गाव, वतन, अध्यक्षपद, विहीर, पडवी, पुराची ज्वारी, एक अक्षर न गाळता. माझा आवाज पाणवठ्यावरच्या बायांनी ऐकला असं आई नंतर म्हणाली. संपल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मागच्यांना ऐकू आलं नसेल म्हणून.

घरी जाताना बाबा माझ्याबरोबर चालत होते. आता ते बरेच थकले होते. घराशी आल्यावर थांबले.

"इतके साल नाई वाचलं," ते म्हणाले. "आता काहून वाचलं?"

मी म्हणालो, "आता त्याले ऐकू येत नाई."

मला वाटलं, आता बोलणी बसणार. बाबा अंधारात कोठ्याकडं बघत उभे राह्यले. मग म्हणाले, "माह्यं वाचलं तवा मीबी कुठी होतो तठी." आणि पायलीवरून फिरवतात तसा त्यांनी हवेतच हात फिरवला, सपाट, आणि घरात गेले.