थेंबाथेंबाने

शेजारची सुनंदा फार संथ. काही वर्षांपूर्वी दुकानात बिलं करायला ठेवली, तर रांग लांबते म्हणून महिन्यात काढून टाकली. मग ती नर्सिंग शिकायला गेली.

दोन आठवड्यांपूर्वी माझी नात दिवस भरण्याआधीच जन्मली. रुग्णालयाच्या काचेपलीकडे नर्सच्या पोशाखात सुनंदा दिसली, चमच्याने नातीला दूध पाजताना. बाळाने एक थेंब गिळेपर्यंत ती थांबायची, मगच दुसरा द्यायची. लहानशी वाटी संपायला पाऊण तास लागला.

"कंटाळत नाहीस?" मी नंतर विचारलं.

"नाही हो काकू. घाई केली तर ठसका लागेल तिला."

आम्ही सगळ्यांनी तिचा दोषच पाहिला. तिच्याजोगं काम कुठे असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. आज नातीचं वजन वीस ग्रॅमने वाढलं, आणि मला सुनंदाच्या बोटांना नमस्कार करावासा वाटला.