गोऱ्ह्याचा खांदा

पोळ्याच्या दिवशी सकाळी अकरा वाजता आमची गोकुळा गवत कापायच्या गाडीवर बसली, इंजिन सुरू केलं, पेडल दाबलं, आणि गाडी जागची हलली नाही. नुसती किंचाळली. जळक्या रबराचा वास थेट माझ्या स्वयंपाकघरात आला.

मोहर्लीच्या या रिसॉर्टवर मी स्वयंपाकी. कुणाचं काय बिनसलं ते मला आधी कळतं, कारण चहा माझ्या ताब्यात आहे. गोकुळा चार वर्षं इथे खुरपं घेऊन वाकलेली. ही बसून चालवायची लाल गाडी आली तेव्हा दोन धट्टेकट्टे गडी मागे सरले आणि ती चढली. तिचे सासरे डोमाभाऊ इथलेच रात्रीचे चौकीदार. ते गाडीला गोऱ्हा म्हणतात. सून गोऱ्हा हाकते, हे सांगताना म्हातारा मिशीत हसतो.

आदल्या दिवशी गाडीची चाकं फिरवणारा पट्टा तुटला. गोकुळाने तो काढला, गाडी शेडमध्ये उघडीच ठेवली आणि सकाळी नवा चढवला. पहिल्यांदाच, एकटीने. मागची पुली सीटखाली असते, दिसत नाही. हात घालून चाचपतच पट्टा बसवावा लागतो.

मॅनेजर सुरेंद्रसाहेब आले. आठवडाभराच्या झडीने गवत गुडघ्याला लागलेलं.

"चार वाजता पाहुणे येऊन राह्यले. तोवर चालली तर ठीक. नाई तर उद्यापासून चंद्रपूरचा ड्रायव्हर, अन् तू आपलं खुरपं घे."

या माणसाला ओरडता येत नाही, म्हणून तो जास्त लागतो.

गोकुळाने पट्ट्याचा नंबर पाहिला, जुळत होता. पट्टा ताणणारी स्प्रिंग अडकवलेली होती. गाडी ढकलायची असली की चाकं मोकळी करायला एक दांडा ओढतात, तोही आत होता. सगळं बरोबर, आणि गाडी ढिम्म.

"सगळं बरोबर हाय, मंग माह्या हातालेच येत नसन, भाऊ," ती म्हणाली.

दोन वाजले. तिचा चहा गार झाला. मी चारदा शेडपर्यंत गेलो, उगाच "होईल, होईल" म्हणालो आणि माझाच मला राग आला. मला कुठे काय कळत होतं!

तिसऱ्यांदा पट्टा काढला. या वेळी हात स्वच्छ पुसून तिने पुलीच्या खाचेत बोटं घातली. पिवळी झाली. तिने वास घेतला, मग बोटं माझ्या नाकाशी धरली. लोणी आणि हळद.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि कानात सांगतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' डोमाभाऊंचा एक बैल हिवाळ्यात नाल्यावर वाघाने नेला. एकट्याला कुठे जुंपणार, म्हणून दुसरा चिमूरला बहिणीकडे दिला. यंदा म्हाताऱ्याला मळायला खांदाच नव्हता. आणि शेडमध्ये गोऱ्हा उघडा उभा होता; पट्टा जिथे बसतो तोच त्याचा खांदा.

"साहेबाले सांगतं का?" मी विचारलं.

"येड लागलं का, भाऊ! म्हाताऱ्याची नोकरी जाईन."

तिने पुली साबणाच्या पाण्याने धुतली, पट्टा कोरड्या फडक्याने घासघासून पुसला. पण लोणी रबरात मुरलं असेल तर? साडेतीनला पेडल दाबलं. गाडी पुन्हा किंचाळली. मग हिसका देऊन निघाली.

"काय झालं होतं?" साहेबांनी विचारलं.

"पट्ट्याले तेल लागलं होतं. माह्याच हाताचं."

"इतकंही समजत नाई? पुढच्या वेळी हात धू."

"हो, साहेब."

डोमाभाऊ गेटपाशी उभे होते. आज लवकर आले होते, हातात पळसाच्या पानावर पुरणपोळी. त्यांनी सगळं ऐकलं. साहेब गेल्यावर गोकुळाने गाडी थेट त्यांच्यापुढे आणून थांबवली.

"चुकलं, पोरी," म्हातारा म्हणाला. "मले वाटलं, यंदा आवतन कोनाले देऊ?"

गोकुळाने गाडीवरूनच हात पुढे केला. "देल्लं ना, मामाजी? मंग जेवाले घाला."

म्हाताऱ्याने पोळी आधी गाडीच्या लाल पत्र्याला टेकवली. "आजच्या दिवशी जुपलं तुले, राग नोको धरू," असं तिला नाही, गाडीला म्हणाला. मग पोळी सुनेच्या हातावर ठेवली. गोकुळाने ती खाल्ली आणि डोळे पुसत गवत कापायला निघाली.