शून्य यार्डांची प्रणिताताई

सिंगापुरात दर शनिवारी सकाळी प्रणिता सोहोनी चोआ चू कांगहून पासिर रिसला जायची. एमआरटीच्या ट्रेननं अख्खं बेट आडवं कापायचं, ते कशासाठी? तर अमेरिकन फुटबॉल खेळायला, तेही त्रेचाळिसाव्या वर्षी. एका शिपिंग कंपनीत अकाउंट्स बघणारी बाई. पण शाळेत खो-खो खेळताना तिनं भल्याभल्यांना दमवलं होतं. पाच-पाच जणांच्या या फ्लॅग फुटबॉलमध्ये धक्काबुक्की नव्हती. कमरेला लटकवलेली पट्टी समोरच्यानं खेचली की चेंडू तिथेच थांबायचा. कप्तानाच्या हातून चेंडू घ्यायचा आणि गर्दीत घुसून तीन-चार यार्ड पुढे न्यायचा, एवढंच तिचं काम. टाळ्या कोणी वाजवत नसे.

टाळ्या कप्तानाला. निशिकांत बँकेत डेटा अ‍ॅनालिस्ट होता आणि जगातल्या सगळ्या शहाणपणाचा ठेका त्याच्याकडे होता. लांब चेंडू फेकला की फोटो निघेपर्यंत हात वरच. २०१६च्या सेमीफायनलआधी या गृहस्थानं एक्सेल शीट केली आणि हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टेबलावर लॅपटॉप उघडून टीमपुढे मांडली. फेकीमागे सरासरी सात यार्ड, धावेमागे साडेतीन.

"प्रणिताताई, डेटा बघा ना. पळण्यात अर्थच नाही. हरलो तर पुढच्या सीझनला तुमच्या जागी कॅच घेणारं कोणीतरी आणू."

प्रणिताच्या डोक्यात तिडीक गेली. आठवड्यातले हे दोनच तास तिचे एकटीचे होते. ते हा पोरगा पुसायला निघाला होता.

"अरे, मी पळेन या धास्तीनं समोरचे पुढे सरकतात, म्हणून तुला त्यांच्यामागे फेकायला जागा मिळते," ती म्हणाली.

"हो, पण धास्तीचा कॉलम कुठे टाकू?" म्हणत तो हसला. मूर्ख माणूस.

सेमीफायनलला त्यानं नुसत्या फेकी केल्या. समोरचे पाचही जण आरामात मागे उभे. दोन चेंडू तर त्यांच्याच हातात आयते पडले. मध्यंतराला शून्य-सहा.

"आता मला दे," प्रणिता म्हणाली. तोंड पडलेल्या निशिकांतनं मुकाट दिला. चार यार्ड, तीन, पाच. समोरचे वैतागून पुढे पुढे यायला लागले. घुसत घुसत तिनं शेवटची रेषा ओलांडली, सहा गुण मिळाले आणि बरोबरी झाली.

शेवटच्या डावाआधी ती निशिकांतच्या कानात म्हणाली, "या वेळी देऊ नकोस. दिल्यासारखं कर." मग रिकामे हात पोटाशी गच्च धरून ती डावीकडे सुसाट सुटली. पाचही जण तिच्यावर तुटून पडले. उजवीकडे त्यांच्याच टीमचा अंकुर एकटा उभा होता. निशिकांतनं फेकलेला चेंडू झेलून तो चालत चालत रेषेपलीकडे गेला. निशिकांतचा हात वर. फोटो निघाले.

रविवारी ग्रुपवर नवी शीट आली. विजयी डाव: निशिकांत ते अंकुर, वीस यार्ड. प्रणिताताई, शून्य. खाली लिहिलं होतं, 'डेटानं प्रूव्ह केलं. फायनलला ताई राखीव. नो हार्ड फीलिंग्ज.'

तिला रडूच आलं, आणि या माणसापायी रडू आलं याचा जास्तच संताप आला.

सोमवारी हरलेल्या टीमच्या कप्तानाचा, केल्विनचा मेसेज आला. पुढच्या सीझनला त्यांच्याकडून खेळशील का, असं त्यानं आपल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं होतं. 'तुझ्या हातात चेंडू नव्हता, तरी आमचे पाचही जण तुझ्यामागे धावले, लाह. अशी खेळाडू समोर नको, आमच्यात हवी.'

प्रणितानं निशिकांतला फायनलसाठी शुभेच्छा पाठवल्या. मग केल्विनला विचारलं, प्रॅक्टिस कधीपासून?