रेज युअर राइट हँड

इंग्रजीची तोंडी चाचणी आपल्याच शाळेतल्या शिक्षकानं घ्यायची नाही, दुसऱ्या शाळेतल्यानं येऊन घ्यायची, असं त्या वर्षी ठरलं. म्हणून दारव्ह्याजवळच्या माझ्या शाळेतून मला एका आडगावात तिसरीचा वर्ग तपासायला पाठवलं. कापूस वेचणीचे दिवस होते. मी स्कुटीवरून पोचले तेव्हा गावात फक्त म्हातारी माणसं आणि कोंबड्या दिसत होत्या. बाकी सगळं गाव शेतात गेलेलं.

वर्गाचे शिक्षक तरुण होते. फळ्याभोवती त्यांनी रंगीत खडूची नक्षी काढली होती, मुलांच्या केसांना तेल लावून भांग पाडून घेतले होते. मला म्हणाले, "मॅडम, आज एकही पोट्टं गैरहजर नाही. मी सांगूनच ठेवलं होतं." त्यांना किती अभिमान वाटत होता ते दिसत होतं. मला बरंच वाटलं. वेचणीच्या दिवसांत भरलेला वर्ग पाहायला मिळणं सोपं नाही.

मी व्हरांड्यात दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि एकेक मूल बोलावू लागले. आधी दोन वाक्यांचं बोलणं, मग चित्रं ओळखणं, मग सांगितलेली कृती करून दाखवणं, शेवटी चार ओळींचं वाचन. माझ्या मांडीवर तक्ता. बरोबर असेल तर टिक, चुकलं तर फुली. परीक्षकानं मदत करायची नाही, शिकवायचं नाही, असं सूचनांमध्ये ठळक छापलेलं होतं.

पाच-सहा मुलं झाल्यावर एक मुलगी आली. आठ वर्षांची असेल. दोन वेण्यांपैकी एकीची रिबीन सुटून लोंबत होती. सकाळचा गारठा जाऊन ऊन चांगलं तापलं होतं, तरी तिच्या अंगात स्वेटर होता. खुर्चीवर बसली आणि उजवा हात मांडीवर ठेवून त्यावर डावा हात ठेवला. मला वाटलं, सरांनी नीट बसायला शिकवलंय.

"हाऊ आर यू?" मी विचारलं.

"आय ॲम फाइन. थँक यू, मॅडम."

इतकं स्वच्छ, इतकं न अडखळता, की मी तक्त्यावरून मान वर करून तिच्याकडे पाहिलं. आधीच्या मुलांनी तेच वाक्य एका श्वासात गिळून टाकलं होतं. चित्रंही तिनं भराभर सांगितली. मँगो, बुलक कार्ट, अंब्रेला. बोट ठेवायला ती डावा हात वापरत होती. डावखुरी आहे, असं मी धरून चालले.

"टच युअर नोज." लावला हात.

"रेज युअर राइट हँड."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं डावा हात वर केला.

मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. तिनं दारात उभ्या असलेल्या सरांकडे एकदा पाहिलं आणि परत डावाच हात वर केला, या वेळी आणखी उंच. मी फुली मारली. लेफ्ट-राइटचा गोंधळ तिसरीत निम्म्या मुलांचा असतोच. पण एवढ्या हुशार मुलीची ही एकच जागा कच्ची राहावी याची मला चुटपुट लागली. सोळा वर्षांची शिकवायची सवय. सूचना विसरून मी पुढे वाकले, हसून म्हटलं, "धिस इज लेफ्ट, बेटा. अँड धिस इज..." आणि तिचं उजवं मनगट धरून हात वर उचलला.

ती किंचाळली.

तसला आवाज मी आजवर कधी ऐकला नव्हता. जनावराच्या गळ्यातून यावा तसा. व्हरांड्याला लागूनच वर्ग, आतली सगळी कुजबुज एका क्षणात थांबली. तिचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला होता. मी हात सोडला, पण माझी बोटं तशीच हवेत राहिली. मनगट धरून वर नेताना आत काहीतरी भलतीकडे हललं होतं, ते त्या बोटांना कळलं होतं.

सर धावत आले. स्वेटरची बाही वर जाईना. शेवटी ऑफिसातल्या कात्रीनं ती कापली. कोपर दुप्पट सुजलेलं, आतल्या बाजूला जांभळं-काळं.

"अवो बापा!" सर खालीच बसले. "केव्हा पडली व तू?"

"सकाळी. हापशीपाशी पाय घसरला." ती ओठ चावत म्हणाली.

"आणि सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही म्हणे, आज कोणीच घरी राहाचं नाही."

तिची आई पहाटेच वेचणीला गेली होती, घरी सांगायला कोणी नव्हतं. पोरीनं एका हातानं दप्तर भरलं, एका हातानं वेणीला रिबीन गुंडाळली आणि चाचणीला आली.

खिचडी शिजवणारी ताई आईला आणायला शेताकडे पळाली. फाट्यावर दारव्ह्याला जाणारी जीप उभी होती, ती सरांनी शाळेपर्यंत आणवली. मी तिला मांडीवर घेऊन पुढे बसले, सर मागे. तिच्या हाताखाली माझी पर्स आणि वर ओढणी. प्रत्येक खड्ड्याला ती डोळे घट्ट मिटायची, पण आवाज काढत नव्हती. मला ते सहन होईना. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "बेटा, मी तुला आल्या-आल्या विचारलं होतं ना, हाऊ आर यू? तेव्हाच सांगायचं होतं."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच नवल वाटलं होतं.

"त्याले तर आय ॲम फाइनच म्हणा लागते जी."

आणि थोड्या वेळानं, "त्याले दुसरं उत्तर हाय का?"

सोळा वर्षांत मी किती मुलांना हा प्रश्न शिकवला असेन. एकालाही दुसरं उत्तर शिकवलं नव्हतं. वर्गात मी विचारायचे, चाळीस गळे ओरडायचे, आणि कोणी उपाशी आलंय की कोणाचं अंग तापलंय, याच्याशी त्या ओरडण्याचा काही संबंध नसायचा.

"आय ॲम नॉट वेल," मी म्हटलं.

तिचे ओठ दोनदा हलले. मग तिनं डोळे मिटून घेतले.

दवाखान्यात एक्स-रे काढला. कोपराच्या वरचं हाड मोडलं होतं आणि जागेवरून सरकलंही होतं. डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली आणि विचारलं, "पडल्यावर कोणी हात ओढला होता काय?"

तोवर आई पोचली होती. वेचलेला कापूस भरायचा कापडी ओटा कमरेला तसाच बांधलेला. ती डॉक्टरांकडे, मग माझ्याकडे पाहू लागली.

"सकाळी पडली ती," मी म्हणाले. "हापशीपाशी."

खोटं नव्हतं ते. सर भिंतीकडे पाहत राहिले. मुलगी मात्र माझ्याकडे पाहत होती, सरळ, न चिडता, जणू तिनंच एखादा प्रश्न विचारलाय आणि आता माझ्या उत्तराची वाट पाहायची. हाड मोडल्याचं कळलं तेव्हा बसला नव्हता तेवढा धक्का मला माझ्याच आवाजाचा बसला. इतका शांत होता तो.

घरी गेल्यावर मी तक्ता काढला. त्या फुलीवर रेघ मारून टिक केली. राइट म्हणजे काय ते तिला पक्कं माहीत होतं. हात उचलता येत नाही म्हणून तिनं जो उचलता येतो तो उचलून दाखवला होता. खाडाखोड का, असं मला कोणी विचारलं नाही.

दीड-दोन महिन्यांनी दारव्ह्याच्या बाजारात तिची आई दिसली. मुलगीही सोबत होती, प्लास्टर निघालेलं, हात बारीक झालेला. मी वळून दुसऱ्या गल्लीत शिरले. वांग्यांच्या ढिगापाशी थोडा वेळ उभी राहिले. मग परत आले.

"तुम्हाला एक सांगायचं होतं," मी आईला म्हटलं. "त्या दिवशी तिचा हात मी ओढला होता. दवाखान्यात मी बोलले नाही."

"माहीत हाय मले," ती म्हणाली. "पोरीनं त्याच रात्री सांगतलं."

"मग तुम्ही..."

"काय करू मी? तुम्ही काही मुद्दाम केलं नाही. हाड तं आधीच मोडलं होतं." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पण मॅडम, ती आता कोणाले हात धरू देत नाही. मीबी धरला तं आंग चोरते. रस्ता ओलांडतानी लय भेव लागते मले."

बाजाराच्या तोंडाशी रस्ता वाहता होता. एसटी, ऑटो, कापसाच्या गाड्या. मी त्यांच्यासोबत तिथवर चालत गेले. आईनं पदर मोकळा सोडला. मुलीनं त्याचं टोक स्वतःच डाव्या मुठीत धरलं, आणि त्या दोघी तशाच पलीकडे गेल्या.